पहिला अनारसा

माझ्या सासूबाईंनी पहिला अनारसा हणमंतच्या ताटात वाढला, त्याच क्षणी देशातली नोकऱ्यांची बाजारपेठ बदलल्याचं माझ्या लक्षात आलं.

अधिक महिना होता. अधिकात जावयांना बोलावून तेहतीस-तेहतीस अनारसे द्यायचे, ही आमच्या आष्ट्याच्या सासुरवाडीची रीत. सासूबाईंना जावई दोन. थोरला मी, धाकटा हणमंत सूर्यवंशी. गेली वीस वर्षं पाट मांडले की उजवीकडचा माझा. आणि तुपाची वाटी असो, पापड असो की टेबलफॅन, आधी माझ्याकडे वळणार, मग हणमंतकडे. याला कुठं कायदा नाही. पण आयुष्यात ज्या गोष्टींच्या आधारावर मी ताठ बसत आलो, त्यांत हिचा नंबर बराच वरचा होता. त्या दिवशी अनारशांचं ताट माझ्या नाकासमोरून, खसखशीचा वास येईल इतक्या जवळून, पुढं गेलं.

"हणमंतराव, आधी तुम्ही घ्या," सासूबाई म्हणाल्या. "दमत असाल हो त्या कंपनीत."

"कसलं दमतोय मामी," हणमंत म्हणाला. "खुर्चीत बसायचं आन बोलायचं."

मी वीस वर्षं खुर्चीत बसूनच बोलत होतो. दमता का, असं मला कुणी विचारलं नव्हतं.

सांगलीत विश्रामबागेत माझं 'भविष्यवेध करिअर मार्गदर्शन केंद्र' होतं. मुलाने पुढं काय करावं हे विचारायला पालक यायचे आणि मी डोळे मिटून, थोडा विचार केल्यासारखं दाखवून, "कॉम्प्युटरला घाला" असं सांगायचो. अर्ध्या जिल्ह्याला मी कॉम्प्युटरला घातलं. पुढं कॉम्प्युटरच हा सल्ला फुकट देऊ लागला, आणि माझ्यापेक्षा नम्रपणे. तरी मी तग धरून होतो, कारण मी स्वतःच कॉम्प्युटरला विचारून सल्ला देऊ लागलो होतो.

हणमंत मार्केट यार्डात हळदीची पारख करायचा. पोत्यात हात घालून एक हळकुंड काढायचं, कानाजवळ धरून मोडायचं, आणि टण्ण वाजलं की "टणक" म्हणायचं. शिक्षण दहावी, तेही गणितावर रुसून अर्धवट. हळदीच्या धुरळ्याने त्याचे तीन स्मार्टफोन मेले, तेव्हा चौथा त्याने घेतला नाही. बटणांचा फोन बंडीच्या खिशात, तोही पिवळा. माझ्या भाषणात 'काळाबरोबर न बदललेल्या माणसाचं' उदाहरण असायचं. नाव घेत नव्हतो, पण शैलजा, म्हणजे आमची सौ., पहिल्या रांगेत बसून डोळे वटारायची. शेवटी तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

आणि मग विरजण बिघडलं.

बोलणारी-लिहिणारी यंत्रं माणसांचं लिखाण वाचून शिकली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं जगातलं बहुतेक लिखाण यंत्रंच करू लागली, आणि नवी यंत्रं तेच वाचून शिकू लागली. आपण घरी दही लावतो तसंच. कालच्या दह्याचं विरजण आज, आजच्याचं उद्या. बरेच दिवस छान चालतं, मग एका सकाळी दह्याला तार सुटते, आणि घरातलं कुणीतरी वाटी घेऊन शेजारी जातं. यंत्रांचं तेच झालं. प्रत्येक पिढीत नेहमीचं तेवढं उरायचं आणि क्वचितचं गळून जायचं. पोळी करपल्यावर शंभर घरांत शंभर वेगळी वाक्यं ऐकू येतात. दहाव्या पिढीच्या यंत्राला त्यांतली दोनच ठाऊक होती, आणि दोन्ही सभ्य होती.

तेव्हा कंपन्या वाटी घेऊन माणसांकडं आल्या. पण माणसंही एव्हाना यंत्रासारखीच बोलू लागली होती. मग खरं विरजण ओळखायचं कसं? त्यासाठी उसनमापक निघाला. कपाळाला एक पट्टी बांधतात. माणूस स्वतःचं वाक्य जुळवतो तेव्हा, शब्द तोंडात यायच्या किंचित आधी, मेंदूत एक लहानशी खळबळ उठते. चार शब्द पुढं येतात, तीन मागं हटतात. तयार वाक्य उचललं तर ती उठत नाही. पट्टी ती खळबळ मोजते, आणि शेजारचं यंत्र तुमचा पुढचा शब्द ओळखत बसतं. जितका बरोबर ओळखेल, तितके तुम्ही उसने. शंभरापैकी जो आकडा येतो, तो तुमचा उसना अंश.

मोठ्या शहरांत मोजणी केली तर सगळे ऐंशीच्या वर. म्हणून कंपन्या आमच्या बाजूला वळल्या. 'निर्झर डेटा' या कंपनीने तासगाव रस्त्याला काचेची इमारत बांधली आणि जाहिरात दिली: 'पाहिजेत: स्वतःचं मत असलेली माणसं. अनुभवाची अट नाही. स्मार्टफोन न वापरलेल्यांस प्राधान्य.' पदाचं नाव मूळवक्ता. इंजिनिअरांच्या रांगेत हणमंत यार्डातून तसाच उठून आला आणि त्याचा अंश निघाला चार. पगाराचा आकडा मंगलने, म्हणजे त्याच्या बायकोने, शैलजाला फोनवर सांगितला. शैलजाने मला सांगितला नाही. फक्त त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

शेवटी अनारशाच्या प्रसंगानंतर आठ दिवसांनी मीही निर्झरच्या काचेत जाऊन बसलो. केंद्राच्या दारावर एव्हाना 'भाड्याने देणे आहे' लागलं होतं.

पट्टी बांधायला आलेली मुलगी मला बघून हसली. "ओळखलंत का सर? ऋतुजा कांबळे, पलूसची. मला भाषाशास्त्र घ्यायचं होतं. तुम्ही म्हणाला होता, पोटाला काय खाशील?"

"मग?"

"मग मी तुमचं ऐकलं नाही सर." तिने पट्टी आवळली. "बोला. कशावरही."

मी घसा साफ केला. "आजच्या झपाट्याने बदलणाऱ्या जगात..."

समोरच्या पडद्यावर माझं वाक्य माझ्याआधीच पूर्ण झालेलं होतं.

"दुसरं काहीतरी सर."

"प्रत्येक आव्हान ही एक..."

'संधी असते,' पडद्याने लिहिलं, आणि तो माझी वाट पाहत थांबला.

पंधरा मिनिटांनी आकडा आला. चौऱ्याण्णव. ऋतुजा दिलासा द्यायच्या आवाजात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका सर. आमच्या कँटीनमधल्या चहाच्या मशीनचासुद्धा एक्याण्णव आहे."

मी उठलो. पट्टी अजून कपाळाला होती, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "आणि त्या हणमंतचा चार?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही सर."

"सांगायला कशाला पाहिजे! साऱ्या आष्ट्याला पाठ झालाय! अगं, मंगलला बघायला आला तेव्हा पोहे संपवून बशी चाटली होती त्यानं. सगळे खिडकीतून पाहुण्यांची गाडी बघत होते, मी बशी बघत होतो. आणि त्याला विचारतात दमता का! दमेल कशानं? त्याचं डोकं म्हणजे सुट्टीच्या दिवशीचं मार्केट यार्ड, एक पोतं नाही की एक हमाल नाही. आणि झोप! पाटावरनं उठला की सतरंजीवर, सतरंजीवर पडला की घोरायला सुरुवात. मी इकडे रोज पडल्या पडल्या पंख्याची पाती मोजतोय. तीनच आहेत, मला ठाऊक आहे तीनच आहेत, तरी मोजतोय, कारण मोजायचं थांबलो की हणमंतचा पगार आठवतो!"

बोलून झाल्यावर मी समोर बघितलं. पडदा जवळपास कोरा होता. यंत्राला माझे एक-दोन शब्दच ओळखता आले होते.

"दोन," ऋतुजा हळूच म्हणाली. "सर, बसा. चहा घेता? मशीनचा नको, मी बाहेरून मागवते."

मत्सर हा त्यांच्याकडचा सगळ्यांत बिघडलेला माल होता, हे मला त्या चहावर कळलं. यंत्राला मत्सराबद्दल बोल म्हटलं की ते म्हणायचं, 'मला त्याच्या यशाचा मनापासून आनंद आहे, आणि मी माझ्या भावना समजून घेत आहे.' यामुळे नुकसान व्हायचं. सामायिक विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांना समेट घडवणाऱ्या यंत्राने सुचवलं की त्यांनी एकमेकांना शुभेच्छापत्रं लिहावीत. दोघांनी मिळून यंत्र फोडलं. वीस वर्षांत एकत्र केलेलं ते त्यांचं पहिलं काम, त्या अर्थी समेट झाला. पण यंत्र महाग होतं.

मला नेमणूक मिळाली. वरिष्ठ मूळवक्ता, असूया विभाग. रोज अर्धा तास पट्टी बांधून हणमंतवर बोलायचं. अट एकच: अंश पंधराच्या खाली राहिला पाहिजे. सलग तीन आठवडे वर गेला की करार संपला. आणि हणमंतला यातलं काही सांगायचं नाही. नोकरी कसली, तर घरी सांगितलं, "माहिती तंत्रज्ञान." ते खोटं नव्हतं.

सहा-सात महिने मी खाणीसारखा चाललो. हणमंतची चप्पल, हणमंतचं हसणं, हणमंतने कधीच माझ्याशी वाद न घालणं. अंश तीन, कधी दोन. शैलजा म्हणू लागली, "अहो, तुम्ही हल्ली घरी किती शांत असता!" असणारच, सगळं ऑफिसात जमा होत होतं.

घोटाळा पुढं झाला. पगार हातात येऊ लागला, सासूबाईंनी फोनवर "दमत असाल हो" म्हटलं, आणि एके दिवशी पट्टी बांधून मी हणमंतबद्दल बोलायला तोंड उघडलं तर आत काही नव्हतं. "तसा बरा आहे," मी म्हणालो. बारा. पुढच्या आठवड्यात एकोणीस. त्याच्या पुढच्या आठवड्यात सव्वीस.

"सर," ऋतुजा म्हणाली, "एकच आठवडा राहिलाय हो. जरा जळा."

जळा म्हटल्यावर कुणी जळतं का? मी घरी येऊन हणमंतच्या लग्नातला फोटो समोर ठेवून बसलो. फोटोत तो इतका घाबरलेला होता की मला त्याची कीव आली. केंद्र बंद, वय बावन्न, आणि माझ्याकडचा विकण्याजोगा एकमेव माल आटत चाललेला.

त्याच रविवारी हणमंत दारात हजर. लिंबाच्या रंगाची लांबलचक गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा. आत आला, सोफ्यावर ऐसपैस बसला, आणि आजवर कधी बोलला नव्हता असं बोलला. "धनंजयराव, तुमची गाडी लई जुनी झाली की ओ. टाका की मोडीत. लाज वाटत नाही का?"

सोमवारी माझा अंश एक होता.

त्यानंतर हे होतच राहिलं. माझं विरजण पातळ पडायला लागलं की हणमंत काहीतरी करायचाच. कधी गावच्या चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागायचा आणि शुभेच्छुकांत माझं नाव सगळ्यांत खाली, तेही बारीक. कधी फोन करून सांगायचा की परदेशचे लोक त्याला भेटायला आले होते. सासूबाईंच्या वाढदिवसाला मी साडी नेली, तर त्याने पैठणी नेली आणि माझी साडी हातात घेऊन म्हणाला, "हीबी बरी हाय, रोज नेसायला." इतका साधा माणूस पगाराने असा बिघडावा, याचं मला मनापासून वाईट वाटायचं, आणि वाईट वाटण्याचा अंश दोन यायचा. अशी जवळजवळ दोन वर्षं गेली.

एका शनिवारी दुपारी मी न सांगता त्याच्या सांगलीवाडीच्या घरी गेलो. त्याने नवा झोपाळा घेतल्याची बातमी होती. म्हटलं, तो बघून घ्यावा, सोमवारची सोय होईल. झोपाळा नव्हता. लिंबू रंगाची गाडीही नव्हती. मंगल दारात आली आणि गोंधळली.

"दाजी, तुम्ही? हे मागं आंघोळ करतायत. बसा ना."

टेबलावर एक स्मार्टफोन होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून रबर लावलेला. हळदीपासून जपायची जुनी सवय. मी टेबलाशी बसलो तसा तो पिशवीतूनच बोलू लागला.

"तुमच्या साडूंसाठी या आठवड्याची सूचना. त्यांच्यासमोर जेवताना तुम्हाला झोप छान लागते, असा उल्लेख करा. अशा स्वभावाचे लोक पडल्या पडल्या पंख्याची पाती मोजतात."

माझा पंखा. माझी तीन पाती. मी तासगाव रस्त्याला ओतलेला मत्सर यंत्र प्यायलं होतं, आणि आता मला कसं जाळायचं हे ते माझ्याच शब्दांत हणमंतला शिकवत होतं.

हणमंत टॉवेल गुंडाळून बाहेर आला. माझं तोंड बघितलं, पिशवी बघितली, आणि खाली बसला.

"कळलं व्हय," तो म्हणाला.

"हे काय आहे हणमंतराव?"

"तुमची रेकॉर्डिंगं बिननावाची माझ्याकडंच येत्यात तपासाय. बोलायच्या जोडीला तेबी काम हाय माझं. यंत्राला द्यायच्या आधी माल खरा का खोटा, ऐकून सांगायचं. हळकुंडागत. पयल्याच दिवशी तुमचा आवाज वळखला. लिहून दिलं, टणक. एक नंबर माल."

"आणि तुम्हाला राग नाही आला?"

"आला की! बशी चाटल्याली तुम्ही बघितलीती हे मला ठाव नव्हतं. चार दिस पोहे खाल्लं नाहीत." त्याने टॉवेल सावरला. "पण मग तुमचा आवाज मऊ पडाय लागला. नीट न वाळलेली हळद मोडल्यावर कशी गप बसती, तसा. म्हटलं, यांची नोकरी चालली. केंद्र तर बंद हाय. ही म्हणाली, ताईचं कसं व्हायचं? मला काय कुणाला जळवाय जमतंय का? शिकणार कुणाकडनं? मग फोन घेतला आन विचारलं."

"गाडी?"

"पेढीवाल्या शेठची. रविवारी धुऊन द्यायच्या बोलीवर."

"पैठणी?"

"ती खरी. मामींना शोभली की ओ."

मला एकदम काहीतरी सुचलं. "हणमंतराव, दोन वर्षं तुम्ही या यंत्राशी बोलताय. तुमचा अंश?"

"परवा मोजला. एक्केचाळीस." त्याने हात झटकला, कागदावरची हळद झटकावी तसा. "ह्यो फोन घेतला तवाच ऋतुजाबाईंनी सांगितलं होतं, यंत्राशी बोललासा तर अंश वाढंल म्हणून. या महिनाअखेरीला सुट्टी देणारायत."

"मी उद्या जाऊन सगळं सांगतो. राजीनामा देतो."

"काय सांगणार? साडूवर जळायचं थांबलोय म्हणून? दोघंबी घरी बसू. मला हळद हाय, धनंजयराव. तुम्हाला काय हाय?"

प्रश्न टोमणा म्हणून विचारला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो खरंच विचारत होता.

सोमवारी मी पट्टी बांधून घेतली. ठरवलं होतं, आज खरं बोलायचं, मग काय व्हायचं ते होवो. "हणमंत हा अत्यंत..."

'सहृदय माणूस आहे,' पडद्याने लिहिलं. अंश अठ्ठ्याऐंशी. ऋतुजाने काळजीने मान हलवली.

"सहृदय कसला!" मी ओरडलो. "सहृदय माणूस निदान जाणवू तरी देतो! मी कुणाला पत्ता सांगितला तरी घरी येऊन शैलजाला सांगतो, आज एकाला पत्ता सांगितला. आणि हा? नोकरी काढून ठेवली, देवळाबाहेर चप्पल काढावी तशी, आणि वळूनही बघितलं नाही! मी त्याच्यासाठी हे केलं असतं का? नसतं. दोन दिवस विचार केला, नसतं. शिवी दिली मी, आणि हा तिला एक नंबर माल म्हणून शेरा देतो! तो माझ्यापेक्षा चांगला आहे. बरं, असू दे. पण त्या गड्याला ते माहीतच नाही! माहीत असतं तर थोडा तरी फुगला असता, मग मला त्याला नावं ठेवता आली असती. तेवढीसुद्धा जागा ठेवली नाही हो त्यानं मला!"

ऋतुजाने पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. "सर," ती म्हणाली, "शून्य आलाय. शून्य कधी आलाच नव्हता."

त्यानंतर आकडा हलला नाही. गाडी बघून आलेला मत्सर गाडी जुनी झाली की विझतो. हणमंतचं चांगुलपण जुनं होईना. तो यार्डात परत गेला, फोन ऋतुजाला देऊन टाकला, आणि मला निर्झरने बढती दिली. खात्रीशीर पुरवठा, असा माझ्या फाइलवर शेरा आहे म्हणतात. तो कुणी दिला ते मी विचारलेलं नाही.

पुन्हा अधिक महिना आला. आष्ट्याला पाट मांडले गेले. सासूबाई अनारशांचं ताट घेऊन आल्या आणि, तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातला जावई आता मीच असल्यामुळे, सरळ माझ्याकडं वळल्या. पहिला अनारसा माझ्या ताटात पडला. तीन वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होतो, तो हा.

मी तो अनारसा उचलला आणि हणमंतच्या ताटात ठेवला. सगळ्यांनी बघावं इतक्या सावकाश ठेवला. शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं. म्हटलं, जमलं, एकदा तरी मी पुढं गेलो.

हणमंतने अनारसा कानाजवळ नेला, मोडला, आवाज ऐकला. "मामी, झकास झालाय," तो म्हणाला. मग हातातले दोन तुकडे त्याने न बघताच वेगळे केले आणि एक माझ्या ताटात ठेवला.

मी बघितलं. मोठा माझ्याकडं होता.

सोमवारी ऋतुजाने पट्टी आवळायच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली.